आभाराची मिस्सा

हैदराबाद
११ जानेवारी २०२४

ती. पप्पांस,
रोवेनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं तुम्ही मनाने भरता, म्हणून पत्रच बरं. शिवाय पत्रातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका काढायला मिळाल्या की तुमचा दिवस चांगला जातो. मास्तर निवृत्त झाले तरी लाल पेन निवृत्त झालेलं नाही, असं ताई म्हणते ते खोटं नाही.

पप्पा, एक गोष्ट घडली आहे. आधीच सांगते, मी ठणठणीत आहे. सोमवारी पहाटेच्या विमानावर मी सहवैमानिक होते. त्याआधीही ओळीने पहाटेचीच विमानं लागली होती. अशा दिवसांत मध्यरात्रीनंतर लगेच उठावं लागतं, आणि दुपारी झोपावं म्हटलं तर माझ्या खोलीसमोर नवी इमारत बांधतायत, लाद्या कापायचं यंत्र सुरू असतं. वर गेल्यावर आकाश निवांत होतं. कॅप्टन अल्पेश म्हणाले की जरा डोळे मिटतो, तू जागी राहा. तशी परवानगी असते. एकाने डोळे मिटायचे तर दुसऱ्याने टक्क जागं राहायचं. मी हो म्हटलं आणि त्यानंतरचं मला काही आठवत नाही. जाग आली तेव्हा ते झोपलेले होते, आणि मीही झोपूनच उठत होते. मागे सगळी माणसं बसलेली, आणि विमान आपलं आपण सरळ चाललेलं.

किती वेळ गेला ते मला घड्याळावरून कळलं, पण तुम्हाला सांगत नाही. रेडिओवर कुणाची हाक चुकली नाही, कुठल्या यंत्रात खूण राहिली नाही. उतरलो तेव्हा एक आजोबा माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले. मला त्यांच्याकडे बघवेना.

आता प्रश्न असा की हे सांगायचं का. आमच्यात ऐच्छिक अहवाल म्हणून एक सोय आहे. आपली चूक, आपली थकावट आपणहून कळवायची. ती कंपनीकडे जात नाही, सरकारी कार्यालयात जाते. तिथे नाव कापून टाकतात, फक्त हकिकत ठेवतात, आणि त्या कागदावरून कुणाला शिक्षा करता येत नाही, असं नियमातच लिहिलंय. हेतू हा की असं का घडतं ते कळावं आणि वेळापत्रकं सुधारावीत. पण इथे सगळे म्हणतात, हात दाखवून अवलक्षण कशाला? कंपनीला कळलं तर माझं उडणं गेलंच समजा, आणि कॅप्टन अल्पेश यांचंही. त्यांची मुलगी बारावीला आहे.

तुम्ही काय म्हणता? आणि कृपा करून हे कुणालाही सांगू नका.

वाडीतल्या केळींना आणि तुमच्या गुडघ्याला माझी आठवण सांगा. माया आहेच, ती कमी होऊ देऊ नका.

आपली,
रोवेना


गास
१६ जानेवारी २०२४

चि. रोवेना हीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ‘ऐच्छिक’ शब्द बरोबर लिहिलास. बाकी चुका या खेपेला काढत नाही, कारण पत्र वाचताना लाल पेन हातात घ्यायचंच राहिलं.

आधी तुला रागावतो. झोप येते तर येते म्हणून सांगायला काय होतं? लहानपणी संध्याकाळी रोझरीची माळ जपताना तू पाचांतल्या तिसऱ्या गूढालाच मांडी घालून घोरायचीस आणि मम्मी तुला कोपराने ढोसायची. तुझ्या कंपनीत तुला ढोसायला कुणी नाही, उलट झोपेचं खोबरं करणारेच बसलेत. आता रागावून झालं.

माझं मत विचारतेस तर सरळ सांगतो, अहवाल दे. मला त्यातलं कळलं ते असं की ही तुमची पापनिवेदनाची पेटीच आहे. आपण गुडघे टेकून फादरांना जे सांगतो ते जाळीच्या पलीकडे राहतं. राजा आला तरी फादर तोंड उघडत नाहीत. म्हणून तर माणूस खरं बोलतो. तिथे जर कुणी दुसऱ्या दिवशी बाजारात बोभाटा करू लागला तर पेटीसमोर चिटपाखरू फिरकणार नाही. सरकारनेही हेच ओळखलं, याचं मला कौतुक वाटतं. असा नियम करणाऱ्याने माणसाचा नीट विचार केलेला दिसतो.

आणि दुसरं असं की आज तू वाचलीस, उद्या दुसऱ्या कुणाची पोर त्याच खुर्चीत त्याच झोपेने बसेल. तू गप्प राहिलीस आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर तुला जन्मभर घास गोड लागणार नाही. मी तुला ओळखतो.

कॅप्टनसाहेबांना विश्वासात घे. त्यांच्या नकळत काही करू नकोस.

तुझी ताई मर्लिन रविवारी सासरहून, होळी गावाहून, पोरांना घेऊन आली होती. पोरांनी पेरूचं झाड ओरबाडून ठेवलंय. तुझ्याबद्दल तिला अक्षर बोललो नाही. तुझ्या वाटणीची माया इथे साठून आहे, ती येऊन घेऊन जा.

तुझे,
पप्पा


हैदराबाद
२७ जानेवारी २०२४

ती. पप्पांस,
सा. न. वि. वि.

दिला अहवाल.

कॅप्टन अल्पेश आधी ऐकायलाच तयार नव्हते. म्हणाले, रोवेना, झाकली मूठ सव्वा लाखाची. मी तुमचं पत्र खिशात घेऊन गेले होते. ते वाचायला दिलं नाही, पण पेटीची गोष्ट सांगितली. त्यांनी कॉफीचा कप बाजूला सारला. मग म्हणाले की माझी मुलगी उद्या विमानातून जाणार असेल तर पुढे बसलेली माणसं जागी असावीत, असं मलाही वाटेल. आणि त्यांनी स्वतःची हकिकत माझ्या हकिकतीला जोडली. ओळीने आलेल्या पहाटा, मधली अपुरी विश्रांती, सगळं लिहिलं. तिकडून पोच आली, त्यात नाव नाही, नुसता क्रमांक आहे.

पप्पा, छातीवरचा धोंडा उतरला. या कागदाला आता कुणी हात लावू शकत नाही. एक मर्यादा मात्र आहे, ती सांगून ठेवते. संरक्षण त्या अहवालापुरतं. तीच गोष्ट कंपनीला बाहेरून दुसऱ्या कुठल्या वाटेने कळली, तर त्या वाटेवर हा नियम उभा राहत नाही. पण बाहेर कळणार कुठून? आम्ही दोघं आणि तुम्ही.

काल रात्री कितीतरी दिवसांनी मी गाढ झोपले, समोर लाद्या कापत होते तरी. देवाचे उपकार आणि तुमचेही. ताईला आणि पोरांना पापा. अशीच सावली राहू द्या.

आपली,
रोवेना


गास
५ फेब्रुवारी २०२४

चि. रोवेना हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं आणि मी वाडीत उभ्याउभ्याच दोनदा वाचलं. धोंडा उतरला म्हणालीस, तो माझ्याही छातीवरचा होता. मग मला राहवेना.

तू कुणाला सांगू नका म्हणालीस, मी कुणाला सांगितलं नाही. देवाला मात्र सांगितलं. काल रविवारी चर्चमध्ये सकाळच्या मोठ्या उपासनेत तुझ्यासाठी आभाराची मिस्सा दिली. मम्मी असती तर हे काम तिने माझ्याआधी केलं असतं. फादर गॉडफ्रे यांनी विचारलं, हेतू काय लिहू? ‘विशेष कृपेबद्दल’ असं मोघम लिहू का? मी म्हटलं, नको. मागणं मनातल्या मनात मागावं, पण आभार चारचौघांत आणि नीट नाव घेऊन मानावेत, ही आपल्या धर्मग्रामाची रीत आहे. बर्नार्डचा मुलगा विहिरीतून वाचला तेव्हा त्यानेही विहिरीसकट सगळं वाचून घेतलं होतं. फादर जरा घुटमळले, पण मास्तरांपुढे कोण बोलणार? त्यांनाही मीच शुद्धलेखन शिकवलंय.

मजकूर मीच करून दिला होता. ‘गास येथील प्लासिड रुमाव यांची मुलगी, वैमानिक रोवेना, हिला व तिच्या कॅप्टनना आठ जानेवारीच्या पहाटे विमानात झोप लागली असता देवदूतांनी विमान सांभाळले, त्याबद्दल आभार.’ अहवालाचा उल्लेख चुकूनही केला नाही, तेवढं मला कळतं. ते तुझं आणि सरकारचं गुपित आहे.

मिस्सा सुटल्यावर सगळी माणसं भोवती जमली. म्हाताऱ्या सालोमीबाईंनी माझे हात धरून डोळे पुसले. अर्नाळ्याचा काशीराम मासे घेऊन चर्चच्या वाटेवर बसतो, त्याने आतून बातमी ऐकून मला दोन पापलेटं बळेच दिली. म्हणाला, मास्तर, दर्यावर आमचंही असंच होतं, डोळा लागतो नि होडी चालत राहते. मिस्सा हल्ली मोबाइलवरही दाखवतात, त्यामुळे कुवेत-दुबईच्या आपल्या लोकांनीही ऐकली. बर्नार्डचा तो अल्रॉय, तुमच्याच कंपनीत मुंबईच्या विमानतळावर आहे बघ, त्यानेही तुझ्यासाठी प्रार्थना केली म्हणे.

सारं गाव तुझ्यामागे उभं आहे, पोरी. निर्धास्त उडत राहा. इकडची माया सगळ्या गावाच्या मापाने धाडतोय.

तुझे,
पप्पा


हैदराबाद
२० फेब्रुवारी २०२४

प्रिय ताईस,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या बँकेच्या पत्त्यावर टाकतेय. घरी नेऊ नकोस आणि पप्पांना दाखवू नकोस. मेसेजवर हे लिहायचं नाही असं वकिलांनी बजावलंय.

मला उडण्यावरून उतरवलंय. कॅप्टन अल्पेश यांनाही.

पप्पांनी दिलेल्या मिस्साबद्दल तुला ठाऊकच आहे. अल्रॉयने ती फोनवर बघितली आणि आमच्या कर्मचाऱ्यांच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र टाकून लिहिलं की आमच्या गावची रोवेना आठ तारखेला मोठ्या संकटातून वाचली, देवाचे आभार. सोबत चर्चमधली ती घोषणाही जोडली. त्याच्या मनात काही पाप नव्हतं. बिचाऱ्याला वाटलं सगळे आमेन म्हणतील. काहींनी म्हटलंही. चार दिवसांनी मला बोलावणं आलं.

तिघं बसले होते. फार सभ्यपणे बोलले, चहा दिला. मी आधीच म्हटलं की ऐच्छिक अहवालाच्या आधारे कारवाई करता येत नाही. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या की अगदी बरोबर, आणि तुम्ही असा काही अहवाल दिलाय की नाही हे आम्ही विचारणारही नाही, तो तुमचा हक्क. आम्हाला हे चर्चमधून कळलंय. मग त्यांनी मोबाइल पुढे ठेवला. त्यात फादर गॉडफ्रे यांचा आवाज, आणि मागे पप्पांचं ते मोठ्याने ‘आमेन’. त्यांना ऐकू येत नाही ना, म्हणून त्यांचं सगळ्यांच्या वर जातं.

वकील म्हणतात की संरक्षण कागदाला आहे, घटनेला नाही. कंपनीचा आरोप आता वेगळाच आहे. आम्ही दोघं झोपलो, आणि कंपनीला कळवलं नाही. सरकारी कार्यालयाने शब्द तसूभर मोडलेला नाही. तिथे आजही माझं नाव कुणाला माहीत नसेल. इथे मात्र शिपायालाही माहीत आहे.

कॅप्टन अल्पेश यांनी मला दोष दिला नाही. त्यांना मी तयार केलं होतं, पेटीची गोष्ट सांगून. ते नुसते म्हणाले की माझी मुलगी अभ्यासाला बसली आहे, परीक्षा होईपर्यंत घरी सांगणार नाही, रोज गणवेश घालून बाहेर पडतो. ताई, मला त्या वेळी जमिनीने गिळावं असं वाटलं.

पप्पांना यातलं काही कळू देऊ नकोस. मी रजेवर आहे म्हणून सांग. तुझाच आधार आहे, तो असू दे.

तुझी,
रोवेना


होळी
६ मार्च २०२४

प्रिय रोवेनास,
अनेक आशीर्वाद.

तुझी रजेची थाप मी दोन आठवडे चालवली. पुढे चालली नाही. माझ्यामुळे नव्हे, अल्रॉयमुळे. त्याला ऑफिसात कुणीतरी सांगितलं असणार. तो गासला आला आणि पप्पांच्या पायरीवर बसून रडला. पप्पांनी त्याला पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले की तुझी चूक नाही, मजकूर माझा होता. मग तो गेल्यावर मला फोन केला. फोनवर त्यांना ऐकू येत नाही, म्हणून आपणच बोलले आणि ठेवून दिला. मी धावत गेले तर वाडीत केळीच्या बुंध्याशी बसलेले, चहा तसाच गार.

मी चिडले गं. सांगून टाकलं की एवढं कशाला वाचून घ्यायचं होतं, देवाला तारीख माहीत नव्हती का? बोलले आणि जीभ चावली. ते म्हणाले की बरोबर आहे, देवाला माहीत होती. 

आता नीट वाच. ते काल फादरांकडे गेले, तिथून वसईतल्या वकिलाकडे. वकील म्हणाला की त्या पहाटेची कुठल्याही यंत्रात खूण नाही, कुणी साक्षीदार नाही, अहवाल वापरता येत नाही. कंपनीच्या हातात फक्त मिस्साची घोषणा आहे. ती जिथून आली त्या माणसाने खोटी आहे म्हटलं आणि तुम्ही दोघांनी तसं काही घडलं नाही म्हटलं, तर प्रकरण उभंच राहत नाही. पप्पांनी ठरवलंय. प्रतिज्ञापत्र करायचं की पोरीची बढाई मारायला मी ही गोष्ट रचली. कंपनीला चर्चमध्ये तसा जाहीर खुलासा हवा असेल तर तोही करायचा.

मी म्हटलं, पप्पा, तुम्ही? वर्गात खोटं बोललेल्या पोराला तुम्ही माफ करायचात, पण त्याच्याकडे आठवडाभर बघायचा नाहीत. तर म्हणाले की म्हणूनच मला जमेल, खोटं कसं दिसतं ते मी पुष्कळ बघितलंय.

 तू नको म्हणालीस तर ते थांबतील, पण तुझं उडणं जाईल आणि त्या कॅप्टनांचंही. हो म्हणालीस तर तुलाही तेच बोलावं लागेल. तू ठरव. जे ठरवशील त्यात मी तुझी बहीण आहेच.

तुझी,
ताई


गास
२२ एप्रिल २०२४

चि. रोवेना हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी आणि कॅप्टनसाहेबांची सुटका झाल्याचं मर्लिनने कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं. मी ते वाचलं आणि आंघोळ करून घेतली. का ते कळलं नाही.

मुंबईला चौकशीच्या त्या खोलीत तू माझ्याकडे बघितलं नाहीस, ते बरं केलंस. मीही बघितलं नाही. त्या बाईंनी तुला विचारलं की तुमचे वडील म्हणतात ते खरं का. माझ्यासोबत आलेली मर्लिन नंतर म्हणाली की तू मान खाली घालून ‘पप्पा म्हणतात तेच खरं’ म्हणालीस. मला ऐकू आलं नव्हतं. पण तुझे ओठ हलताना दिसले, आणि मला वाटलं, हिला बोलायला मीच शिकवलं.

चर्चमधल्या खुलाशाचं तुला कुणी सांगितलं नसेल. पास्काच्या सणानंतरच्या रविवारी मी स्वतः माइकसमोर उभा राहिलो. म्हटलं की म्हातारपणी माणसाला कौतुकाची हाव सुटते, मी पोरीबद्दल खोटी हकिकत रचून पवित्र वेदीवरून वाचायला लावली, मला क्षमा करा.  सालोमीबाई उठून बाहेर गेल्या. माझे जुने विद्यार्थी मागच्या बाकांवर होते, त्यांनी खाली बघितलं. आता बाजारात माणसं नमस्कार करतात, पण थांबत नाहीत. काशीरामला दोन पापलेटांचे पैसे देऊ केले तर त्याने घेतले. त्याने ते घ्यायला नको होते.

एक गोष्ट तुलाच लिहितो, कारण दुसऱ्या कुणाला लिहिता येत नाही. मी हल्ली ख्रिस्तप्रसाद घेत नाही. शुभवर्तमानावर हात ठेवून खोटं बोललोय, तेव्हा आधी पापनिवेदन करायला हवं. पापनिवेदनाला पश्चात्ताप लागतो, आणि तो मला होत नाही. उद्या पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन. मग फादरांपुढे जाऊन काय सांगू? त्यांना सगळं ठाऊक आहे, ते विचारत नाहीत. सगळे रांगेने पुढे जातात तेव्हा मी बाकावर बसून राहतो. गुडघा दुखतो, असं लोकांना वाटू देतो.

तू उड. एवढ्यासाठीच केलं सगळं. पुढच्या महिन्यात मर्लिनच्या पोरांना सुट्टी आहे, तेव्हा तुला बघायला यावं म्हणतो. माझ्या मायेत खोट नाही, एवढं एक अजून खरं म्हणून लिहितो.

तुझे,
पप्पा


हैदराबाद
९ मे २०२४

ती. पप्पांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र उशाशी ठेवून झोपते, म्हणजे झोपायचा प्रयत्न करते. मला तुमचा राग आलेला नाही, एकदाही आला नाही. हे आधी लिहायला हवं होतं.

मी उडतेय. कॅप्टन अल्पेशही उडतायत. त्यांच्या मुलीची परीक्षा चांगली गेली. आम्ही भेटलो तर हवामानाबद्दल बोलतो.

चौकशीचा निकाल कंपनीने सूचनाफलकावर लावला. त्यात लिहिलंय की वैमानिकांना थकव्यामुळे झोप लागल्याची गोष्ट निराधार ठरली, वेळापत्रकात कोणताही दोष आढळला नाही. खाली पुरावा म्हणून आमचीच निवेदनं. त्यामुळे पहाटांची रांग होती तशीच आहे, उलट उन्हाळी गर्दीमुळे एक वाढली.

आणि पप्पा, गेल्या आठवड्यात त्या सरकारी कार्यालयाच्या संकेतस्थळावर माझ्या पोचेच्या क्रमांकाखाली निरोप दिसला. नाव नाही, नुसता क्रमांक. तुमच्या अहवालासारखे आणखी अहवाल आमच्याकडे आलेत, तुम्ही वेळापत्रकाचे तपशील दिलेत तर आम्ही कंपन्यांना बदल करायला लावू शकू, तुमचं नाव कुठेही येणार नाही. त्यांनी शब्द पाळला. अगदी शेवटपर्यंत पाळला. तुम्ही म्हणाला होतात तसं, नियम करणाऱ्याने खरंच माणसाचा विचार केलेला होता. पण मी काय उत्तर देणार? जी गोष्ट घडलीच नाही असं मी सांगून आले, तुम्ही शपथेवर सांगून आलात, ती घडली म्हणून पुन्हा कशी लिहू? तिथून काही हललं तर कंपनी विचारेल की मग खोटं कोण बोललं, आणि बोट तुमच्यावर येईल. मी उत्तर दिलं नाही. मुदत काल संपली.

आमच्याकडे नेहल म्हणून नवी मुलगी आली आहे, सुरतेची, हसरी. परवा कँटीनमध्ये माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली की तिच्या विमानात वर दोघांचाही डोळा लागला होता, आणि तो अहवाल खरंच गुप्त राहतो का. तिने मलाच विचारलं, कारण माझं काहीतरी ऐकलं होतं. तुम्ही लिहिलं होतंत ना, दुसऱ्या कुणाची पोर त्याच खुर्चीत बसेल. ती आली, पप्पा, माझ्यासमोर बसली होती. मी तिला म्हटलं की मला असं कधी झालेलंच नाही, तू कॉफी घेत जा. ती ओशाळून सॉरी म्हणाली आणि उठली. मी तिच्यामागे गेले नाही.

ताईने तुमची सगळ्यांची तिकिटं काढल्याचं कळवलं. तुमचा पहिलाच विमानप्रवास, म्हणून खिडकीजवळची जागा घेतली म्हणे. पहाटेचं विमान आहे, आमच्याच कंपनीचं. ती रद्द करायला सांगा. रेल्वेने या. वेळ लागला तरी चालेल, मी स्टेशनवर उभी राहीन.

कारण ताईला सांगू नका, पोरांनाही नको. एवढी एक माया करा.

आपली,
रोवेना